बुजवलेल्या खळग्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना, काळा आणि मनात राग धरून बसलेला खळगा आहे.

आपली कहाणी सांगणाऱ्या इतर वस्तू स्वभावाने गरीब असतात. एखादी फाटकी छत्री असते, एखादं बंद पडलेलं घड्याळ असतं. त्या दोन आसवं गाळतात, सगळ्यांना क्षमा करतात आणि पुन्हा अडगळीत जाऊन पडतात. माझं तसं नाही. मी एका माणसावर डूख धरला होता. तो मी पुरता उगवून घेतला आहे, म्हणूनच आता निवांत बोलायला बसलो आहे.

खळग्याला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. खळगा म्हणजे जिथे दगड असायचा तिथे तो नसणं. मी म्हणजे निव्वळ एक नसणं आहे. पण मित्रांनो, जगात जे आहे त्याने जितका त्रास होतो, त्याहून जास्त जे नाही त्याने होतो. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.

माझा जन्म आगीतला. डोंगराच्या तोंडातून लाव्हा उतरला तो घट्ट पाकासारखा. वरून निवला, त्यावर साय धरली, आत मात्र रटरटत होता. एका जागी वाफेचा फुगा अडकला आणि सायीला टेंगूळ आलं. सगळं थंड झाल्यावर त्या टेंगळाचं छप्पर पातळ निघालं आणि एके दिवशी धाडकन कोसळलं. तो माझा जन्म. आंघोळीच्या टबाएवढा रुंद, मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतका खोल. लोकांचं घर पडलं की ते उघड्यावर येतात. मी घर पडल्यामुळेच अस्तित्वात आलो.

शेजारी एक उंचवटा होता. भारी गर्विष्ठ. उतारावर कोणी फिरायला आलं की त्याच्यावर उभं राहून फोटो काढी. माझ्यात फक्त पाय मुरगळत. "तुझा उपयोग काय रे?" असं तो मला विचारी. मी वाऱ्याची वाट बघत असे.

वाऱ्याची एक खोड आहे. उंचवट्यावरून तो ताठ मानेने, सुसाट जातो. माझ्यावर आला की त्याला दम लागतो आणि हातातलं सामान तो टाकून देतो. काळी धूळ, राख, मेलेल्या किड्यांचे पंख आणि बिया. बिया उंचवट्यावरही पडत, पण दुपारी त्याची पाठ अशी तापे की बी तिथे भाजून निघे. पाऊस पडला तरी तो त्याच्या अंगावरून निसटून माझ्याकडे येई. म्हणजे त्याच्या वाटणीचं पाणीही मीच पीत होतो. त्याला हे कधी कळलंच नाही, कारण त्याला खाली बघायची सवय नव्हती.

माझ्यात आधी दगडफुलाचे करडे डाग आले. मग शेवाळ आलं. शेवाळाने धूळ धरली, धुळीने ओल धरली, ओलीत एक नेचा उगवला. तो नेचा पाहून मी इतका हरखलो की काही वर्षं मला दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या पलीकडे एक खोल भोक होतं. तिथेही बिया पडत, पण ऊन पोचत नसे आणि पाणी आटत नसे, म्हणून त्या कुजून जात. खळगा व्हायलाही अक्कल लागते. नुसतं खोल असून भागत नाही. हे काही माणसांनाही लागू पडतं, पण ते राहू द्या.

नेच्यानंतर गवताच्या दोन काड्या आल्या आणि एका वर्षी एक झुडूप आलं. बोटभर पानांचं, पिवळ्या फुलांचं, वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं. त्या काळ्या उतारावर आपणहून उगवलेलं ते एकच झुडूप. ते माझं होतं.

ते पहिल्यांदा पाहिलं ताईने.

ताईची गावाच्या शेवटच्या गल्लीत, नगरसभेच्या जागेवर रोपवाटिका होती. घर पुढे, रोपं मागे, मधल्या वाटेवर मातीच्या पिशव्या. तिचा नवरा बसवर कंडक्टर होता. निवृत्त झाल्यापासून तो खिडकीत बसून खोकत असे, कारण या उतारावरून उडणारी काळी धूळ पहिल्यांदा त्या गल्लीत शिरे, मग गावात. दोरीवरचे कपडे, टेबलावरचे कप, लोकांची छाती, कुठेही तिला मज्जाव नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं, घर बदला नाहीतर हवा बदला. घर बदलणं ताईला शक्य नव्हतं, म्हणून तिने हवा बदलायचं ठरवलं होतं. हा उतार हिरवा करायचा, म्हणजे धूळ जागच्या जागी बसेल, एवढाच तिचा हिशेब.

त्या दिवशी ती माझ्या काठाशी पालथी पडून आत बघत होती आणि नवरा मागे धापा टाकत उभा होता.

"अगं, खड्ड्यात तोंड घालून काय बघतेस? काही पडलं का?"

"इकडे या. सबंध उतारावर हे एकच जगलंय."

त्याने वाकून पाहिलं. "हुशार आहे. वाऱ्याकडे पाठ, डोकं खाली. मी सबंध नोकरी अशीच काढली."

मग ताई वरचेवर येऊ लागली. झुडपाच्या बिया तिने नेल्या, पिशव्यांत रोपं वाढवली. पहिल्या खेपेला तीही चुकली. ऊन भरपूर मिळेल म्हणून तिने रोपं उंचवट्यावर लावली. उंचवटा आठवडाभर नवरदेवासारखा मिरवला आणि मग सगळी वाळून त्याच्या डोक्यावर काटक्या उरल्या. ताई माझ्या काठाशी येऊन बसली, झुडपाकडे बघितलं, उंचवट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे गोम तुझ्यात आहे तर." मित्रांनो, आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपल्याला असं म्हणावं. मी इतका खूश झालो की जमलं असतं तर आणखी थोडा खोल झालो असतो.

पुढचं वर्ष तिने उतारावरचे माझे भाऊबंद शोधण्यात घालवलं. आणि तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ मदतीला आला.

त्याला सगळं गाव सपाटभाऊ म्हणे. धंद्याने फरशीवाला. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी राही, आणि न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं तर ते आज्ञाधारक मुलासारखं थेट मोरीकडे जाई. याला त्यांच्या धंद्यात ढाळ देणं म्हणतात. ढाळ चुकला, पाणी साचलं, की फरशीवाल्याची अब्रू गेली. सपाटभाऊच्या खिशात कायम काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची एक पट्टी असे. लग्नात जेवायला बसला तरी तो आधी टेबलावर ती ठेवून बुडबुडा मधोमध आहे ना ते बघे. त्याच्या घरात उंबरठा नव्हता, पायरी नव्हती, पांढरीशुभ्र फरशी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तळ्यासारखी पसरलेली. हे मला कसं ठाऊक? माझ्याकडची काळी धूळ तिथे जाऊन येई. तिच्याइतका बातमीदार दुसरा नाही. दार लावून घेतलं तरी ती आत असते.

"ताई, तू कशाला एकेक खड्डा हुडकत हिंडतेस?" तो म्हणाला. "यंत्र माझं, माणसं माझी. नगरसभेला मी पटवतो. तू फक्त रोपं दे. सबंध उतार लावून टाकू."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच करशील?"

"अगं, भाऊ कुणाचा मी!"

"पण एक ऐक. त्या झुडपाच्या खळग्याला हात लावायचा नाही."

"बरं बरं."

मित्रांनो, मोठं झाल्यावर कोणी तुम्हाला घाईघाईने दोनदा 'बरं' म्हणालं, तर समजा त्याने एकदाही ऐकलेलं नाही.

ताई नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन परगावी गेली, त्या आठवड्यात जमीन खरवडून सपाट करणारं यंत्र आलं. आधी उंचवटा गेला. शेवटपर्यंत तो वरच बघत होता. मग सपाटभाऊ माझ्यापाशी आला. गुडघ्यावर बसला, पट्टी माझ्या काठावर आडवी धरली, आत वाकून पाहिलं. शेवाळाखाली कालच्या पावसाचं थोडं पाणी होतं. नेचा होता. झुडपाला फुलं होती. त्याने ते काही पाहिलं नाही. तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही.

"पाणी साचतं इथे," तो म्हणाला. "भरून टाका."

यंत्राचं पातं माझ्या तळापर्यंत आलं. झुडूप कसं मोडलं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मला ते अजून सांगता येत नाही. मग वरून दगड, खडी, काळी राख असं ओतलं. यंत्रवाला म्हणाला, "थर देत, पाणी मारून चोपून घेऊ का? नाहीतर पुढे धसेल."

"अरे, लागवडीचं उद्घाटन उद्यावर आलंय. वरून एकदा रोलर फिरव आणि चल."

आयुष्यभर ज्या माणसाने एकही फरशी भराव चोपल्याशिवाय बसवली नाही, त्याने माझ्यासाठी तेवढी सवड काढली नाही. हा अपमान मी लक्षात ठेवला. पुढे कामाला आला.

खळगा बुजवला की तो मेला असं लोकांना वाटतं. तो मरत नाही. वरच्या खडीतल्या फटींतून पाणी हळूहळू उतरत होतं आणि जुन्या सवयीने माझ्या तळाशी जमत होतं. पाण्याबरोबर बारीक राख खाली सरकत होती, दगड एकमेकांत बसत होते, वरचा भराव केसाकेसाने खचत होता. सूड घ्यायला दोन गोष्टी लागतात, वजन आणि वेळ. वजन त्याने आपल्या हाताने माझ्यावर टाकलं होतं. वेळेचं म्हणाल तर मी लाव्हा थंड होताना पाहिलेला प्राणी आहे.

वर मोठा थाट झाला. गुळगुळीत उतार, त्याला सुबक ढाळ, कडेला गटार. ताईची रोपं सरळ ओळींत लावली, आणि बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून प्रत्येक रोप मातीच्या छोट्या ढिगावर बसवलं. ताई परगावाहून आली तेव्हा फीत कापून झाली होती. ती उतारावर आली आणि मला शोधू लागली. सगळीकडे सारखंच. ती ओळीओळींतून फिरली, थांबली, परत फिरली. शेवटी चुकीच्या जागी बसली आणि जमिनीवर हात ठेवून म्हणाली, "कुठे आहेस रे?"

मी चार हात पलीकडे होतो. तिला ऐकू जाईल असा आवाज मला नाही.

पाऊस आला आणि ढाळावरून सरळ गटारात गेला. ऊन आलं ते राहिलं. वारा आला, त्याला अडवायला एक दगडही नव्हता, म्हणून तो ढिगांची माती घेऊन गेला. बियांना थांबायला जागा नव्हती, त्या पुढच्या गावी गेल्या. रोपं एकेक करून वाळली. सरळ ओळींत, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

माझ्या सुडाचा पहिला हप्ता मी तेव्हा वसूल केला. उघड्या उतारावरून आता दुप्पट धूळ उठू लागली आणि ती सगळी मी मनोमन एकाच पत्त्यावर रवाना करत होतो. सपाटभाऊच्या पांढऱ्या फरशीवर सकाळी पुसलं की दुपारी मांजराची पावलं उमटत. त्याची बायको फडकं पिळत म्हणाली, "अहो, तुमचा डोंगर आलाय. बाहेर बसवू की आत घेऊ?"

त्याने फडकं घेतलं आणि स्वतः पुसायला बसला. नगरसभेत मात्र त्याने हात झटकले. अध्यक्षबाईंनी विचारलं, रोपं का मेली? तेव्हा हा उठून म्हणाला, "जमिनीत खोट नाही. ढाळ बिनचूक आहे, कोणीही पट्टी लावून बघा. रोपंच हलकी निघाली."

ताई मागच्या बाकावर होती. सख्ख्या भावाच्या तोंडून हे तिने ऐकलं. ठरलं असं की वर्षभर वाट बघायची. मग उतारावरच समारंभ भरवून पाहणी करायची; तोवर काही जगलं नाही, तर रोपवाटिकेची जागा काढून घ्यायची आणि तिथे गाड्या लावायला फरसबंदी करायची. फरसबंदी कोण करणार, हे सांगायला नको.

त्या संध्याकाळी ताई गेटाशी उभी राहून म्हणाली, "याला मी सोडणार नाही."

नवरा खोकत म्हणाला, "रांगेत उभी राहा. तुझ्या आधी धूळ आहे."

धुळीने हे मला येऊन सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, तिच्याही आधी मी आहे.

पुढचा पावसाळा चांगला झाला. मी पोटातला भराव एवढा खाली ओढला की वर ताटाएवढा एक खोलगट भाग दिसू लागला, मग परातीएवढा. त्यात पाणी थांबलं. आणि आता ऐका. यंत्राच्या पात्याने माझ्या तळाची माती खरवडली होती, ती त्याच खडीत मिसळून वर आली होती. त्या मातीत झुडपाच्या बिया होत्या. त्यांना फक्त एक थांबलेला घोट हवा होता. एके सकाळी माझ्यात हिरव्या टाचण्या टोचल्यासारखी रोपं उभी राहिली. सबंध काळ्या, गुळगुळीत, मेलेल्या उतारावर तेवढंच हिरवं. कोणाला दिसलं नाही. तिकडे कोणी फिरकतच नव्हतं.

मग समारंभाचा दिवस आला. सपाटभाऊ सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने सबंध उतारावरची सर्वांत सपाट जागा खुर्च्यांसाठी निवडून ठेवली होती, रोलर सर्वांत जास्त फिरवलेली. म्हणजे माझीच. पट्टी काढून खाली वाकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी! त्याच्या कामात! त्याने चोरासारखं इकडे तिकडे पाहिलं.

मित्रांनो, त्याच्यासमोर त्या घटकेला काय होतं ते लक्षात घ्या. ज्यासाठी गाव वर्षभर थांबलं होतं, ज्यावर त्याच्या बहिणीचं घरदार अवलंबून होतं, ते त्याच्या बुटाच्या टोकाशी हिरवंगार उभं होतं. त्याला दिसलं ते एवढंच, की ढाळ चुकलाय. रोपांकडे तर त्याने एकदाच पाहिलं. ती ओळीत नव्हती. ओळीत नाही ते तण, असा त्याच्या डोक्यात हिशेब.

त्याने गाडीतून जाजम आणलं, माझ्यावर पसरलं आणि दुसऱ्या कोणाला शंका येऊ नये म्हणून त्यावर स्वतःची खुर्ची मांडली. जड, लाकडी, हातांची.

मी जाजमाखाली श्वास रोखून धरला. खळग्याला श्वास नसतो, पण त्या दिवशी होता.

माणसं आली. अध्यक्षबाई आल्या. ताई आली, सर्वांत मागे बसली. नवरा तिच्याशेजारी रुमाल तोंडाला लावून. चारी बाजूंना वाळलेल्या काटक्यांच्या सरळ रांगा. सपाटभाऊ बोलायला उभा राहिला.

"रोपांचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. त्याचा दोष कुणाचा, मी बोलणार नाही. घरचीच माणसं आहेत. पण माझ्या कामाबद्दल मी छातीठोक सांगतो, या सबंध उतारावर कुठेही, एक थेंबसुद्धा पाणी साचत नाही!"

टाळ्या पडल्या. तो समाधानाने, सगळ्या वजनानिशी खाली बसला.

न चोपलेल्या भरावाने आपलं काम केलं. खुर्चीचे मागचे दोन पाय जाजमासकट माझ्यात शिरले, सपाटभाऊ हात पसरून मागे गेला, पाय आभाळाकडे झाले, आणि 'चुळुक' असा एक आवाज आला. मित्रांनो, मी ज्वालामुखीचा गडगडाट ऐकलेला आहे. त्या चुळुकची सर त्याला नाही.

लोक धावले. जाजम ओढलं गेलं. सपाटभाऊ बसला होता कमरेपर्यंत चिखलात, पाठीला शेवाळ, आणि कानाला एक इवलं रोप चिकटलेलं.

"हिरवं काय आहे ते?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताई पुढे आली. तिने वाकून एक पान बोटाने उचललं. मग माझ्या काठावरून हात फिरवला, आंधळं माणूस ओळखीचा चेहरा चाचपतं तसा. तिला मी सापडलो होतो.

"माझं रोप आहे," ती म्हणाली. "त्याच झुडपाचं. हा तोच खळगा आहे."

"म्हणजे रोपं हलकी नव्हती," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे एवढी जगलीत. मग सपाटभाऊ, तुम्ही ही झाकून का ठेवलीत?"

सपाटभाऊने डोळ्यांतला चिखल पुसला. खोटं बोलायला वेळ हवा होता, तो मिळाला नाही. म्हणून खरं बोलला.

"बाई, पाणी साचत होतं इथे."

मग ताईचा नवरा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. "पाणी साचतं म्हणून झाकलं! अहो, भर पावसात छत्री झाकून ठेवणारा माणूस मी आजच बघितला!"

ताई मात्र हसली नाही. "अरे गाढवा," ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी साचतं म्हणूनच ते जगलंय. मी तुला सांगून गेले होते. दोनदा बरं म्हणालास."

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं हे न्हाणीघर आहे."

रोपवाटिका राहिली. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. पण ताई एवढ्यावर थांबणारी नव्हती आणि मी तर नव्हतोच. "हा उतार होता तसा खडबडीत झाला पाहिजे," ती म्हणाली. "यंत्राने नाही. याने हाताने करायचा."

सपाटभाऊ अजून चिखलातच होता. "मी? मी खळगे पाडू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जन्मभर बुजवले, आता उकरतोय."

"अर्ध्यात सोड ना, ताई."

"नाही," तिचा नवरा म्हणाला. "पूर्ण तिकीट."

आणि मित्रांनो, मग माझे सुखाचे दिवस आले. तो हातोडा आणि छिन्नी घेऊन गुडघ्यांवर बसे. ताई स्टूल टाकून सावलीत बसे. त्याचा हात असा की सगळे खळगे सारखे पडत, एकाला झाका नि दुसऱ्याला काढा. ताई ओरडे, "एकसारखे नकोत! कपबशा मांडतोस का? एखादा उथळ कर, एखादा खोल. वाऱ्याच्या अंगाला दगड ठेव."

"पण किती खोल, माप तर सांग!"

"पाणी साचलेलं बघून तुला झोप येणार नाही, इतका."

त्याने स्वतः घासून गुळगुळीत केलेली जमीन स्वतः फोडली. रोज. त्याचे गुडघे सुजले, तळहात सोलवटले. मला वाईट वाटलं का? एकदा वाटतंय की काय असं वाटलं, पण ती वरची खडी खाली बसत होती. मोडलेल्या उंचवट्याचे तुकडे गटारात पडले होते, ते आणून त्याने माझ्या काठावर रचले. ते आता वारा अडवतात. पूर्वी हा उंचवटा माझ्याशी धड बोलत नसे. आता आपणहून विचारतो, "सावली पुरते ना?" मी दोन दिवसांनी उत्तर देतो.

पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी सपाटभाऊ छत्री घेऊन एकटाच वर आला. समोर सबंध उतारभर पाणीच पाणी साचलं होतं. शेकडो खळग्यांत, वेडंवाकडं, लहानमोठं, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा. फरशीवाल्याला याहून भयंकर स्वप्न पडू शकत नाही. मी ते दृश्य चवीने पाहिलं. त्याने खिशातली पट्टी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा खिशात ठेवली. मग माझ्यापाशी येऊन बसला. माझ्यातलं झुडूप आता त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं, त्याला पहिली कळी धरली होती.

"पाणी साचतं इथे," तो म्हणाला.

शब्द तेच होते. आवाज तो नव्हता. कसा होता ते मी सांगणार नाही. मला त्याचं कौतुक करायचं नाही.

आज उतारावर ठिकठिकाणी हिरवे ठिपके आहेत. काही खळगे वाया गेले, काहींत नुसतं शेवाळ आहे, पण धूळ बसू लागली आहे आणि कंडक्टर आता गप्पा मारत चढून येतो. माझं म्हणाल तर माझ्यात पानं पडतात, कुजतात, त्यांची माती होते. दरवर्षी मी बोटभर वर येतो. एक दिवस मी काठोकाठ भरेन आणि खळगा राहणार नाही. त्याचं मला दुःख नाही. माझ्या झुडपाने मला भरावं, यात मला मान आहे. खडीने भरावं, यात नव्हता.

तुम्हाला वाटत असेल, शेवटी मी सपाटभाऊला क्षमा केली असेल. गोष्टींत तसं करतात. मी केलेली नाही. तो दर पावसाळ्यात येतो, माझ्या काठाशी बसतो, आणि मी दर वेळी त्याची विजार मागून ओली करतो.

तेव्हा मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही हातात यंत्रं येतील. कुठे एखादा ओबडधोबड, बिनकामाचा खळगा दिसला, तर भरण्यापूर्वी पालथे पडून आत बघा. कोणी राहत असेल. आणि तरीही भरायचाच असेल, तर थर देऊन, पाणी मारून, नीट चोपून भरा. कारण आम्ही परत येतो, आणि तुम्ही खुर्चीवर बसलेले असता.